शनिवारी जरा…

निकालाच्या पानावर एकूण गुण होते ९२. जपानी भाषेच्या परीक्षेची एन-२ ही पातळी उत्तीर्ण व्हायला १८० पैकी ९० लागतात. आकडा वाचून मी खुर्चीतून उठलेसुद्धा. आईला हाक मारणार तेवढ्यात त्याच पानावरचा दुसरा शब्द दिसला, 'फुगोकाकु'. अनुत्तीर्ण.

खाली तीन चौकटी होत्या. शब्दज्ञान आणि व्याकरण ४०, वाचन ३४, श्रवण १८. या प्रत्येक चौकटीत ६० पैकी निदान १९ मिळावेच लागतात. एक जरी चौकट त्याच्या खाली गेली, तरी एकूण बेरीज कितीही असो, निकाल तोच. नियम मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. पण माझी सगळी भीती कांजींची, म्हणजे चिनीतून आलेल्या जपानी चित्राक्षरांची होती, रात्री जागून मी गिरवत होते त्या कांजी. कान काय, ऐकता ऐकता आपोआप तयार होतील, असं धरून चालले होते. एका गुणाने गेलं हे खरं, पण त्या एका गुणामागे दोन वर्षांची एक चुकीची सवय होती. ती मोडायला मला पुढचे सहा महिने लागले, आणि हा लेख खरं म्हणजे त्या सहा महिन्यांबद्दल आहे.

ज्यांना ही परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा, जिला सगळे जेएलपीटी म्हणतात, ती १९८४ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी पंधरा देशांत मिळून सुमारे ७,००० जण बसले होते. आता वर्षाला दहा लाखांहून जास्त अर्ज येतात. आधी चार पातळ्या होत्या. २०१० मध्ये त्यांच्या पाच झाल्या, एन-५ सगळ्यात सोपी आणि एन-१ सगळ्यात अवघड. जुन्या तिसऱ्या आणि दुसऱ्या पातळीत फार मोठी दरी होती, ती भरून काढायला मधे एन-३ आणली. परीक्षा जुलैच्या आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. सगळे प्रश्न पर्यायांचे. तोंडी परीक्षा नाही, निबंध नाही, एक जपानी अक्षरही हातानं लिहावं लागत नाही. एचबी पेन्सिल घ्यायची आणि गोल काळे करायचे.

म्हणून बरेच जण नाक मुरडतात. बोलायला न लावता भाषा येते की नाही हे कसं ठरवणार, असं विचारतात. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. समोरासमोर बोलताना आपण न कळलेलं किती बेमालूम झाकतो! मान डोलावतो, हसतो, पुन्हा विचारतो, विषय बदलतो. परीक्षेतल्या श्रवणात यातलं काही चालत नाही. आवाज एकदा ऐकू येतो आणि पुढे जातो. तेव्हा जे कळलं तेवढंच आपलं. माझ्या १८ गुणांवर मी खूप रडले, पण ते गुण खोटे होते असं मला एकदाही वाटलं नाही.

---

सवय कोणती ते सांगते. मी जपानी इंग्रजीतून शिकले. पुस्तकं इंग्रजीतली, शब्दकोश इंग्रजीतला, मोबाइलमधल्या शब्दपत्त्यांच्या मागच्या बाजूला अर्थ इंग्रजीत. त्यामुळे जपानी वाक्य कानावर पडलं की मी ते आधी इंग्रजीत उलटं करायची, म्हणजे शेवटचं क्रियापद उचलून पुढे आणायचं, मग इंग्रजीतून त्याचा अर्थ लावायचा, आणि मग तो मनात मराठीत उमटायचा, कारण विचार तर मी मराठीतच करते. वाचताना या तीन मुक्कामांना वेळ मिळतो. ऐकताना मी दुसऱ्या मुक्कामावर असायची आणि गाडी पुढच्या प्रश्नाला लागलेली असायची.

हे मला कळलं ते आईमुळे. निकालानंतर पंधराएक दिवसांनी मी जुने सराव-संवाद पुन्हा लावले होते. इयरफोन बिघडले होते म्हणून आवाज खोलीभर. आई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "अगं, ही बाई सारखी 'का, का' म्हणतेय. प्रश्न विचारतेय ना ती?"

"हो. वाक्याच्या शेवटी 'का' आलं की प्रश्न होतो."

"आणि तो माणूस 'ने' म्हणतो ते?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि थबकले. इंग्रजीतून शिकताना त्या 'ने'वर मी अर्धं पान टिपण काढलं होतं, समोरच्याची सहमती मागणारा प्रत्यय वगैरे. आईला काय सांगू? "तो म्हणतोय, 'हवा छान आहे ना.'"

"मग असं की," आई म्हणाली आणि पुढची घडी घातली.

'इकिमासु का'. जाता का. 'इइ तेन्कि देसु ने'. हवा छान आहे ना. शब्द त्याच क्रमानं, 'का' शेवटी, 'ना' शेवटी. या दोन भाषांचं घराणं एक नाही, हे साम्य वारशातून आलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण दोघींचीही क्रियापदं वाक्याच्या शेवटी येतात, दोघींचेही प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात. ज्यांची वाक्यं अशी उभी राहतात त्यांच्या बऱ्याच खोड्या आपोआप जुळतात. दोन वर्षं मी शेजारच्या घरी जायला गावाला वळसा घालत होते.

दुसऱ्या दिवशी मी नवी वही घेतली आणि एन-५ पासूनचं सगळं व्याकरण मराठीत लिहायला बसले.

---

त्या वहीचे पहिले चार-पाच दिवस मी विसरणार नाही. जपानीत क्रियापदाच्या 'ते' रूपाला दुसरी क्रियापदं जोडतात. इंग्रजी पुस्तकात प्रत्येक जोडीचा वेगळा धडा होता, प्रत्येकीची वेगळी व्याख्या. मराठीत मी नुसती यादी लिहीत गेले. 'यात्ते मिरु', करून बघणे. 'मिरु' म्हणजे बघणेच. 'यात्ते ओकु', करून ठेवणे; 'ओकु' म्हणजे ठेवणेच. 'मोत्ते कुरु', घेऊन येणे. 'मोत्ते इकु', घेऊन जाणे. 'वासुरेते शिमात्ता' याला इंग्रजीत दोन ओळींचं स्पष्टीकरण होतं, की क्रिया पूर्ण झाली आणि बोलणाऱ्याला तिचा खेद आहे. मी लिहिलं, 'विसरून बसले'. खेद त्या 'बसले'मध्येच आहे, तो समजावून सांगायची गरज उरली नाही.

मग परवानगी आणि मनाई. 'शितेमो इइ', केलं तरी चालेल. तो 'मो' म्हणजे आपला 'तरी'. 'शिते वा इकेनाइ' लिहिताना माझा हात थांबला. 'इकेनाइ' हे 'इकु', म्हणजे जाणे, या क्रियापदापासून आलेलं. शब्दशः, असं करून पुढे जाता येत नाही. आणि आपण काय म्हणतो? असं करून चालणार नाही. त्यांनी जाण्यावरून मनाई केली, आपण चालण्यावरून. पुढे 'शिनाकेरेबा नारानाइ', करावंच लागेल. त्यातला 'नारु' म्हणजे होणे. न करून व्हायचं नाही. आजी अशीच बोलायची, "गेल्याशिवाय व्हायचं नाही बाई."

एक नमुना मात्र सविस्तर सांगावासा वाटतो, कारण परीक्षेत तो हटकून माणसाला पाडतो. 'आमे गा फुरिसो देसु' आणि 'आमे गा फुरु सो देसु'. दोन्ही वाक्यं पावसाबद्दल, आणि फरक एका स्वराचा, 'रि' की 'रु'. पहिल्याचा अर्थ ढग बघून मी म्हणतेय. दुसऱ्याचा अर्थ कुणीतरी सांगितलं ते मी पुढे सांगतेय. मी हे नियम पाठ केले होते आणि ऐकताना दर वेळी गोंधळत होते. मराठी वहीत पहिल्यापुढे लिहिलं, 'पाऊस पडेलसं दिसतंय'. दुसऱ्यापुढे, 'पाऊस पडणार म्हणे'. त्या 'म्हणे'नं काम केलं. वाक्य आख्खं सांगून झाल्यावर शेवटी एक शब्द टाकायचा आणि जबाबदारी दुसऱ्यावर ढकलून मोकळं व्हायचं, ही सोय आपल्याकडे जन्मापासून आहे. त्यानंतर 'फुरु सो' ऐकलं की माझ्या कानात आपोआप 'म्हणे' वाजायला लागलं.

पडणे–पाडणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे अशा आपल्या जोड्या आहेत तशा त्यांच्याही आहेत. 'ओचिरु' पडणे, 'ओतोसु' पाडणे. जपानी शिकणारे या जोड्यांना फार घाबरतात. मराठी माणसानं घाबरायचं कारण नाही; आतला स्वर बदलला की कर्ता बदलतो हे आपल्या जिभेला माहीत असतं, त्या जोड्या फक्त पाठ करायच्या.

आणि तारा. एन-२ च्या व्याकरणात एक प्रश्नप्रकार असतो, ज्यात वाक्याचे चार तुकडे उलटसुलट दिलेले असतात, चार रिकाम्या जागा असतात आणि त्यातल्या एकीवर तारा छापलेला असतो. तुकडे मनात लावायचे आणि ताऱ्यावर कोणता बसतो तेवढं सांगायचं. इंग्रजीतून विचार करताना हे माझ्यासाठी कोडं होतं. 'किनो तोमोदाचि नि मोरात्ता होन', काल मैत्रिणीकडून मिळालेलं पुस्तक. इंग्रजीत पुस्तक आधी येतं आणि त्याची कहाणी मागून. जपानीत आणि मराठीत कहाणी आधी आणि पुस्तक शेवटी. पूर्वी मी एकेका ताऱ्यावर दोन-दोन मिनिटं घालवायची. आता तुकडे मनातल्या मनात मराठीत म्हणायचे, आणि ते बहुतेक वेळा आपोआप जागेवर जाऊन बसायचे.

---

आईचा रस मात्र वाढत गेला. माझ्या टेबलासमोर भिंतीवर हिरागानाचा, म्हणजे जपानी मुळाक्षरांचा तक्ता होता, सुरुवातीच्या दिवसांपासून लावलेला. एका संध्याकाळी चष्मा लावून तिनं तो माझ्याकडून वाचून घेतला. आ इ उ ए ओ. का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा.

"हे तर आपल्यासारखंच झालं. क, त, न, म, य, र, व. पण 'च' कुठे गेला? आणि 'प'च्या जागी 'ह' कशाला?"

मला उत्तर येत नव्हतं, शोधावं लागलं. हा क्रम खरोखरच आपल्याकडून गेलेला आहे. बौद्ध धर्माबरोबर संस्कृतचा अभ्यास आणि सिद्धम् लिपी चीनमार्गे जपानमध्ये पोहोचली, आणि त्या अभ्यासातून तिथल्या भिक्षूंनी आपले ध्वनी लावून घेतले, घशापासून ओठांकडे. सिद्धम् अक्षरं जपानी देवळांत अजूनही दिसतात, त्यांना 'बोंजि' म्हणतात. आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर असं, की 'हा'ची ओळ फार पूर्वी 'पा' होती. उच्चार शतकांमध्ये सैल होत होत 'ह' झाला, पण ओळीतली जागा 'प'चीच राहिली. 'सा'चा जुना उच्चारही 'च'च्या जवळचा होता असं अभ्यासक मानतात, म्हणून तो 'क'नंतर लगेच. म्हणजे ज्या दोन जागा आईला चुकल्यासारख्या वाटल्या, त्याच दोन जागांवर जुना आवाज जपून ठेवलेला होता. मी हे सांगितलं तेव्हा आई बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिली. जपानी शब्दकोश याच क्रमानं लावलेला असतो. त्यात शब्द शोधताना माझं बोट कधी अडखळलं नाही याचं कारणही मला तेव्हाच कळलं.

---

सगळीकडे मराठी धावून आली असं मात्र नाही. नामामागे लागणाऱ्या 'वा' आणि 'गा' या प्रत्ययांतला फरक मला आजही अधूनमधून चकवतो. देण्याची क्रियापदं तर छळतात. आपल्याकडे 'देणे' एकच. त्यांच्याकडे मी दुसऱ्याला दिलं तर 'आगेरु' आणि दुसऱ्यानं मला दिलं तर 'कुरेरु'. देणगीची दिशा क्रियापदातच बांधलेली. संवादात कुणी कर्ता बोलत नाही, क्रियापदावरूनच ओळखायचं की काम कोण करणार आहे. यासाठी मी वहीत बाण काढले. सहा महिने नुसते बाण.

सगळ्यात कठीण गेली ती आदराची भाषा. आदर आपल्याला नवा नाही, तू-तुम्ही-आपण आहेच. पण जपानीतला आदर माणसाला चिकटलेला नसतो, तो कोण कुणासमोर बोलतंय त्यावर फिरतो. बाहेरच्या माणसाचा फोन आला आणि त्यानं विभागप्रमुख तानाकांना विचारलं, तर त्यांच्या हाताखालचा माणूस म्हणतो, तानाका आत्ता बाहेर आहे. साहेबांना आपल्या 'जी'सारखं 'सान'ही लावायचं नाही, पद नाही, आणि क्रियापदही नम्रतेचं, 'ओरिमासु'. कारण बाहेरच्यासमोर साहेब 'आपल्यातले' झाले आणि आपल्यातल्याचा मोठेपणा बाहेरच्याला सांगायचा नसतो. माझी जीभ आधी हे उच्चारायलाच तयार होईना. साहेबांना एकेरी? सेन्सेईंना, म्हणजे माझ्या जपानीच्या शिक्षिकेला मी तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही घरच्या माणसाची स्तुती परक्यापुढे करता का? नाही ना. मग कचेरी हे घर समजा." हे पटलं. पटल्यावरही कानाला सवय व्हायला महिना गेला.

कांजींबद्दल एवढं बोलतात लोक की मी थोडंच बोलणार होते. जपानच्या रोजच्या वापराच्या अधिकृत यादीत २,१३६ कांजी आहेत. परीक्षेच्या जुन्या आराखड्यात दुसऱ्या पातळीला १,००० कांजी आणि ६,००० शब्द धरलेले असत. २०१० नंतर अशा याद्या प्रसिद्ध करत नाहीत. पण एका कांजीपाशी मला थांबायचंय. 'तेरा', बौद्ध मंदिर. वर माती, खाली 'सुन' नावाचं इंचासारखं छोटं माप. या देवळाच्या डाव्या अंगाला जे उभं राहील त्यावर शब्द बदलतो. सूर्य उभा राहिला तर वेळ. वाणी उभी राहिली तर कविता. माणूस उभा राहिला तर सामुराई. हात आला तर 'मोत्सु', जवळ धरणे. आणि चालण्याची खूण, म्हणजे दोन तिरक्या रेघा आणि एक उभी, आली तर 'मात्सु', वाट पाहणे.

परीक्षेत 'मोत्सु' आणि 'मात्सु' शेजारी शेजारी ठेवतात. उच्चारात एक स्वर वेगळा, चित्रात डावीकडच्या दोन-तीन रेघा वेगळ्या. अभ्यासक सांगतात की यातल्या बहुतेकांत देऊळ अर्थासाठी नसून आवाजासाठी आहे, वेळेतला 'जि' आणि कवितेतला 'शि' त्या देवळाच्या चिनी उच्चारातून आलेले. ते बरोबरच आहे. तरी माझ्या मनात देवळासमोर हात जोडून उभी असलेली बाई आणि देवळाच्या वाटेवर उभी राहून कुणाची तरी वाट बघणारी बाई अशा दोन बायका कायमच्या राहायला आल्या, आणि त्यानंतर ते दोन शब्द माझे कधी चुकले नाहीत.

एकाच कांजीचे दोन-दोन उच्चार का, हेही वहीनं सोडवलं. पाणी एकटं असलं की 'मिझु', जोडशब्दात 'सुइ'. आपण तरी काय करतो? तहान लागली की पाणी म्हणतो, पण वाहतूक 'जल'वाहतूक, संधारण 'जल'संधारण. घरचा शब्द एकट्यासाठी, थोरामोठ्यांच्या भाषेतून आलेला शब्द जोडून बोलण्यासाठी. 'मिझु' म्हणजे पाणी, 'सुइ' म्हणजे जल, एवढं लिहिलं आणि त्यानंतर नवी कांजी आली की मी विचारायची, हिचं पाणी कोणतं आणि जल कोणतं.

---

आता त्या शब्दाकडे येते ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

श्रवणात एक प्रकार असतो, 'सोकुजि ओतो', तत्काळ प्रतिसाद. एक माणूस एक वाक्य बोलतो. मग तीन उत्तरं ऐकू येतात. योग्य कोणतं ते निवडायचं. प्रश्नपत्रिकेत काहीही छापलेलं नसतं, उत्तरंसुद्धा कानानंच धरायची. पहिल्या परीक्षेच्या आधी सरावात असा एक प्रश्न आला होता. एक जण विचारतो, शनिवारी आम्ही सगळे सिनेमाला जातोय, तुम्ही येता का? तीन उत्तरांतलं एक होतं, 'दोयोबि वा चोत्तो…'. मी ते ऐकताक्षणी बाद केलं. 'चोत्तो' म्हणजे थोडं, हे मी पहिल्या आठवड्यात शिकले होते. 'शनिवार तर थोडा…' आणि वाक्य तिथेच तुटलेलं. अर्धवट वाक्य उत्तर कसं असेल? मी दुसरं निवडलं, आणि चुकलं. पुस्तकात स्पष्टीकरण होतं, की 'चोत्तो' म्हणून वाक्य सोडून देणं हा सभ्य नकार आहे. ते मी पाठ केलं, जपानी लोकांची एक रीत म्हणून, परकी गोष्ट म्हणून. आणि असल्याच प्रश्नांनी पुढे मला १८ वर आणून ठेवलं.

नव्या वहीत 'चोत्तो' लिहायची वेळ आली तेव्हा मी पेन घेऊन बसून राहिले. बाहेरच्या खोलीत आई कुणाशी तरी फोनवर बोलत होती. पलीकडून काहीतरी आग्रह चालला असावा. आई म्हणाली, "नाही हो, शनिवारी जरा…" आणि थांबली. पलीकडच्या बाईंना कळलं. विषय बदलला. आई हसून दुसरंच काही बोलायला लागली.

शनिवारी जरा. काय जरा? जरा काम आहे, जरा बरं नाही, जरा यायचं मनात नाही, काहीही. सांगायची गरज नव्हती आणि विचारायची पद्धत नव्हती. त्या न बोललेल्या जागेत आईनं नकारही दिला आणि समोरचीचा मानही राखला. मी जन्मभर हे ऐकत आले, स्वतः शेकडो वेळा बोलले. आणि हाच शब्द जपानीत समोर आला तेव्हा मी तो ओळखला नाही, कारण मी त्याच्याकडे तिसऱ्याच भाषेच्या खिडकीतून बघत होते. वहीत 'चोत्तो'पुढे मी लिहिलं, 'जरा'. पुढे तीन टिंबं काढली.

त्यानंतर श्रवणाचा अभ्यास निराळा झाला. मी वाक्यातले शब्द पकडणं सोडलं आणि माणसं ऐकायला लागले. कोण आढेवेढे घेतंय, कुणाला हो म्हणायचंय, कोण कुरकुरत का होईना पण काम करणार आहे. सेन्सेई नेहमी सांगायच्या, "वाक्याचा शेवट येईपर्यंत काही ठरवू नका." मराठीतही 'येणार' ऐकून आनंदून चालत नाही, पुढे 'नाही' यायचं असतं.

---

जुलैचा पहिला रविवार. परीक्षेचा दिवस सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे त्याचं फार वर्णन करत नाही. पेन्सिली टोकून नेल्या होत्या. पर्यवेक्षकांनी पिवळ्या आणि लाल कार्डांचा नियम वाचून दाखवला. लाल मिळालं की परीक्षा संपली, आणि त्यासाठी नुसता फोन वाजलेलाही पुरतो. वर्गात प्रत्येकानं आपापला बंद केलेला फोन पुन्हा एकदा काढून बघितला. पहिला भाग १०५ मिनिटांचा. शब्द, व्याकरण आणि वाचन सलग, वेळ आपण वाटून घ्यायची. मी शब्द-व्याकरणाला ४० मिनिटं ठरवली होती, ३६ मध्ये झालं. तारे सगळे सुटले, असं निदान वाटलं. वाचनात दोन लेखकांची मतं शेजारी ठेवून तुलना करायला सांगतात, तिथे मी रेंगाळले, कारण मजकूर खरोखर छान होता. परीक्षेत मजकूर आवडू देऊ नये म्हणतात. मला ते जमलं नाही.

मग मध्यंतर, आणि मग श्रवण. ५० मिनिटं. दोकि दोकि म्हणतात त्यांच्याकडे, आपल्याकडे धडधड. पहिले दोन भाग गेले. तिसऱ्या भागाच्या आधी आवाज सांगतो, की या प्रश्नांसाठी पानावर काही छापलेलं नाही. पान उलटलं. कोरं पान, त्यावर 'मेमो' एवढाच शब्द. मागच्या वेळी या पानावर मी इंग्रजी शब्दांचा चिखल केला होता. या वेळी लिहिलेलं मला अजून आठवतं, सहा-सात देवनागरी शब्द, एक बाण आणि एका ठिकाणी 'म्हणे'.

तत्काळ प्रतिसादाच्या भागात एक प्रश्न असा आला की दोन उत्तरांमध्ये मी अडकले. एकात बाई जरा नाराज वाटत होती, दुसऱ्यात नुसती दमलेली. गोल काळा केला, खोडला, पुन्हा तोच काळा केला. प्रश्नपत्रिका परत द्यायच्या असतात, आणि निकालात कुठलं उत्तर चुकलं ते कळत नाही. गुणसुद्धा नुसते बरोबर उत्तरांच्या मोजणीचे नसतात, प्रत्येक परीक्षेच्या काठिण्याप्रमाणे एका समान पट्टीवर बसवलेले असतात. त्यामुळे ती बाई नाराज होती की दमलेली, हे मला कधीच कळणार नाही. अधूनमधून अजून आठवते ती.

निकाल ऑगस्टच्या अखेरीस लागला. ४३, ३३ आणि श्रवण ३७. एकूण ११३. वाचनात एक गुण कमी झाला आणि त्याचं मला काही वाटलं नाही. आईला हाक मारली, या वेळी आधी सगळी ओळ वाचून.

दर मंगळवारी मी एका जपानी बाईंशी फोनवर गप्पा मारते, बोलायचा सराव म्हणून. वयानं त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या आहेत, आणि फार हळू बोलतात, माझ्यासाठी. निकालानंतरच्या आठवड्यात मी त्यांना बातमी सांगितली. त्या खूप खूश झाल्या. आता मंगळवारच्या जोडीला शनिवारीही बोलू या का, असं त्यांनी विचारलं. 'दोयोबि वा दो देसु का'. शनिवारी आमच्याकडे पाहुणे येणार होते, कोण, किती, केव्हा, हे सगळं जपानीत कसं सांगायचं याची जुळवाजुळव मी करायला लागले. मग ती सोडून दिली.

"दोयोबि वा चोत्तो…" मी म्हटलं, आणि थांबले.

"आ, सो देसु ने," त्या लगेच म्हणाल्या. "जा, निचियोबि वा?"

मग रविवारी?